गल्लोगल्ली फाउंडर, घरोघरी सर्टिफिकीट

अहो, चाललंय काय हे! एके काळी कॉलेजात गॅदरिंग व्हायचं, गणपती बसायचा, फार तर एखादा कवी यायचा, तोही दोन तास उशिरा. तेवढ्यावर आपलं छान भागत होतं. आता कुठल्याही कॉलेजच्या फाटकावरून जा, फ्लेक्स लागलेलाच. वर कुलगुरूंचा फोटो, खाली संस्थाचालकांचा त्याहून मोठा फोटो, आणि उरलेल्या जागेत दाटीवाटीने विषय: ‘महामारीचे धडे, आरोग्यसेवेतील नवोपक्रम आणि विद्यार्थी उद्योजकता’. तिन्ही एकाच दिवसात! साडेदहाला महामारी, बाराला नवोपक्रम, जेवणानंतर उद्योजकता, चारला आभारप्रदर्शन. जगानं दोन-तीन वर्षं जे सोसलं ते दीड तासात समजून घ्यायचं, पुढच्या तासात त्यावर उपाय शोधायचा आणि पुरी-भाजी पचायच्या आत त्याची कंपनी काढून मोकळं व्हायचं! एवढी घाई तर त्या विषाणूलाही नव्हती हो.

आणि थाट काय विचारता? दीपप्रज्वलनाची समई पेटत नाही, कारण डोक्यावरच्या पंख्याचं बटण कुठलं ते कोणालाच ठाऊक नसतं. प्रमुख पाहुणे मेणबत्ती धरून हसत उभे. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडमच्या चारोळ्या संपल्या, आता त्या दुसऱ्यांदा त्याच म्हणतायत. शाल-श्रीफळ मागासलेलं म्हणून पाहुण्यांना रोपटं. आणि मग येतो खरा मुहूर्त, फोटोचा! साधासुधा फोटो चालत नाही बरं का. जिओटॅग लागतो. फोटोच्या खाली नकाशा, अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ, सगळं उमटायला हवं. रोपटं देऊन झालं, टाळ्या झाल्या, पाहुणे खुर्चीकडे वळले, की मागून आरोळी येते: “सर, थांबा, लोकेशन ऑन नव्हतं!” मग पाहुणे बिचारे ते रोपटं परत करतात आणि पुन्हा तितक्याच आश्चर्यानं स्वीकारतात. त्या रोपट्याला पाणी कोणी घातलं की नाही, हे कुठल्याच अहवालात विचारत नाहीत.

कशासाठी हा आटापिटा? घ्या, आतली गोष्ट सांगतो. २०१८ साली केंद्राच्या शिक्षण खात्याच्या इनोव्हेशन सेलनं देशभरातल्या कॉलेजांना ‘इन्स्टिट्यूशन्स इनोव्हेशन कौन्सिल’ नावाचं मंडळ काढायला लावलं. कार्यक्रमांचं कॅलेंडर वरून येतं. या तिमाहीत हे करा, पुढच्या तिमाहीत ते करा, अहवाल चढवा, फोटो जोडा आणि वर्षाअखेर तारे मिळवा. तारे! बालवाडीत आपल्या मनगटावर मॅडम काढायच्या तेच. त्याच्या जोडीला कॉलेजांचं मूल्यांकन करणारी ‘नॅक’, जिच्या निकषांत संशोधन आणि नवोपक्रम हात जोडून उभे. शिवाय आपल्या राज्याचा २०१६चा सार्वजनिक विद्यापीठ कायदाही नवोपक्रमाला विसरलेला नाही. मग प्राचार्यांनी करायचं तरी काय? महामारी गेली म्हणून कॅलेंडर थांबतं थोडंच!

त्यात २०१९चं राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण. चांगलं लांबलचक धोरण आहे, पण त्यातली एक ओळ पोरांनी न वाचताच पाठ केली. स्टार्टअप करणाऱ्या विद्यार्थ्याला आधी परवानगी घेऊन हजेरीत सवलत देता येते. झालं! जो मुलगा तीन वर्षं वर्गात फिरकला नाही, तो कॅन्टीनमध्ये बसल्या जागी फाउंडर झाला. पूर्वी अशा पोराला आपण काय म्हणायचो, ते इथे छापता येणार नाही.

हा ताप चढला कधी, ते तुम्हालाही ठाऊक आहे, उगाच भोळे होऊ नका. राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात ९ मार्च २०२० ला सापडले. २५ मार्चपासून देश कडीकुलपात. आणि एप्रिल सरायच्या आत तुमच्या-आमच्या व्हॉट्सॲपवर काय येऊन थडकलं? ‘कोरोना जनजागृती ऑनलाइन प्रश्नमंजुषा’! बाहेरून आल्यावर काय करावे: अ) हात धुवावेत, ब) हात धुऊ नयेत, क) यापैकी नाही. चाळीस टक्के मिळाले की रंगीत ई-प्रमाणपत्र मेलवर हजर. चाळीस टक्के! म्हणजे माणूस कोरोनाबद्दल साठ टक्के चुकीचा असला तरी जनजागृतीला पात्र. आपण सोडलं का? छे! वाहत्या गंगेत हात धुतले, तेही वीस सेकंद. आधी स्वतःचं काढलं, मग नवऱ्याचं, मग आजीचं. फॉर्ममध्ये ‘पदनाम’ विचारलं होतं आणि पर्याय दोनच, विद्यार्थी किंवा प्राध्यापक. आजी त्या दुपारी प्राध्यापक झाल्या. फ्रेम करून आजोबांच्या फोटोशेजारी लावलंय अजून.

मग वेबिनार आले. ‘कोविडोत्तर जग’ या विषयावर, कोविड चालू असताना. “आवाज येतोय का? स्क्रीन दिसतेय का? सर, तुम्ही म्यूटवर आहात.” अर्धा तास यातच. मध्येच कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून कुकरची तिसरी शिट्टी आणि “डाळीचा गॅस बंद कर गं” हे मार्गदर्शन साऱ्या महाराष्ट्रानं ऐकलं. श्रोते किती म्हणाल, तर भाषणाच्या मध्यावर वीस आणि फीडबॅकची लिंक पडायच्या पाच मिनिटं आधी तीनशे. वास कसा लागतो देव जाणे. हे असं राज्यभर आणि सगळ्या विषयांचं. संस्कृत विभागाचा कोविडवर वेबिनार, भूगोलाचा कोविडवर, शारीरिक शिक्षणाचा तर हवाच. कुणीच मागे राहायचं नाही, अशी शपथ घेतल्यासारखे सुटले होते सगळे.

आणि शोध! शोध तर इतके लागले, इतके लागले की वैज्ञानिकांनी लाजून मान खाली घालावी. पायानं दाबायचा सॅनिटायझर स्टँड आठवतो? वेल्डिंग मशीन असलेल्या प्रत्येक कॉलेजनं त्याचा शोध लावला आणि प्रत्येकानं पहिल्यांदाच. वर्तमानपत्रात फोटो, प्राचार्य पाय दाबतायत, विभागप्रमुख हात पुढे करतायत. मग निघाली निर्जंतुकीकरणाची कमान. माणूस एका बाजूनं आत शिरला की चहूबाजूंनी औषधाचा फवारा, दुसऱ्या बाजूनं शुद्ध होऊन बाहेर. केवढी उद्घाटनं! केवढ्या फिती कापल्या! आणि १८ एप्रिल २०२० ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सांगितलं की बाबांनो, माणसांवर जंतुनाशक फवारू नका, उपयोग नाही आणि अपाय आहे. कमानी गुपचूप गोदामात गेल्या. गणेशोत्सवाच्या मंडपात त्यातल्या काही झेंडूच्या माळा लावून परत अवतरल्या असतील, तर आपल्याला नवल वाटायचं कारण नाही.

आता तुम्हाला वाटेल, ते दिवस गेले, पोरं शहाणी झाली. कुठली शहाणी! आता सगळ्याला एआय लागलंय. परवाच्या एका पिचिंग स्पर्धेतला किस्सा ऐका, कॉलेजचं नाव विचारू नका. चार पोरं, चौघांच्याही अंगावर एकाच भाड्याच्या दुकानातले ब्लेझर, बाह्या बोटांपर्यंत. त्यांनी काढलेला ‘स्मार्ट गोळीडबा’. वेळ झाली की डबा बीप वाजवतो, दिवा लावतो, मुलाच्या मोबाइलवर अमेरिकेत निरोप पाठवतो. टेबलावर डबा ठेवला. डबा म्हणजे आतून सर्किट आणि बाहेरून श्रीखंडाचा, स्टिकर अर्धवट खरवडलेला. पडद्यावर भारतातल्या ज्येष्ठ नागरिकांची संख्या, तिला वर्षाच्या वर्गणीनं गुणून आलेली अब्जावधींची रक्कम, आणि पाचव्या वर्षी आकाशाला भिडलेला बाण. परीक्षकांत एक मॅनेजमेंटवाले सर, एक बँकेचे साहेब आणि एक यशस्वी उद्योजक, ज्यांचा उद्योग कशाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. प्रश्न काय? “तुमचा मोट काय? तुमची एक्झिट स्ट्रॅटेजी काय?” अहो, पोरं अजून आत आली नाहीत, बाहेर कुठून जाणार?

तिथं कोपऱ्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर बसल्या होत्या. ‘कोविड योद्ध्यांचा सत्कार’ या सदरासाठी बोलावलेल्या. सत्कार साडेदहालाच उरकला होता, पण परतीची एसटी दुपारी, म्हणून थांबल्या होत्या. त्यांनी हात वर केला. “बाळांनो, माझ्याकडच्या म्हाताऱ्यांना बीप ऐकू आलं असतं, तर गोळीची आठवण करून द्यायला मी ओरडले असते का?” सगळीकडे शांतता. सिस्टरना चेव आला. “आणि सकाळी लाइट जाते तेव्हा चार्ज कशावर करायचा? आणि डब्याचं झाकण उघडायला बोटांत जोर लागतो. संधिवाताची माणसं ती.” मॅनेजमेंटवाल्या सरांनी ‘व्हॅलिड पॉइंट’ असं म्हणून वहीत लिहून घेतलं. आणि पहिलं बक्षीस? त्याच डब्याला! सिस्टरना रोपटं.

आपण हसलो. मनापासून हसलो. पण गंमत बघा, त्या अख्ख्या दिवसात आरोग्यसेवेबद्दल कोणाला काही माहीत असेल तर त्या एका बाईला, आणि त्यांनाच कोणी माइक दिला नव्हता. रुग्ण सोडून सगळ्यांना विचारायचं, हा या सोहळ्यांचा पहिला नियम दिसतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना बाळाचा न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून श्वास मोजायचं साधन काढलं. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि सरकवायचे मणी, बस्स. अंक येत नसले तरी चालेल, मणी कुठवर गेले ते बघा. ना चार्जिंग, ना ॲप, ना वर्गणी. आजच्या स्पर्धेत नेलं असतं तर? “स्केलेबल नाही” म्हणून चहाच्या आधीच घरी पाठवलं असतं हो.

हाफकिनबुवांची तर याहून वाईट गत झाली असती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात लस करायला बसले. इन्क्युबेशन सेंटर कुठलं? एक खोली आणि व्हरांडा. टीम कोण? एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत लस झाली आणि १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. ना लोगो, ना टॅगलाइन, ना ‘आमची गोष्ट’ सांगणारा व्हिडिओ. आजच्या पोरांकडे बघा. चौघांची कंपनी, एक सीईओ, एक सीटीओ, एक सीएफओ, एक सीएमओ. चार चीफ आणि शिपाई एकही नाही! मग झेरॉक्स काढायला कोण जाणार यावरून कंपनी फुटते, आणि दुसऱ्या दिवशी चौघेही लिंक्डइनवर ‘शिकण्याचा समृद्ध प्रवास’ लिहितात.

पुण्यातल्या कार्यक्रमांत महामारीच्या धड्यांमध्ये सावित्रीबाईंची स्लाइड असतेच. असायलाच हवी. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. सभागृह क्षणभर गप्प होतं. आणि पुढची स्लाइड काय, तर ‘महामारी: एक व्यवसायसंधी’. स्लाइडचा क्रम लावणाऱ्याला जरा तरी लाज हवी की नको?

बाटलेले कट्टर असतात, त्यांची तर बातच न्यारी. इतिहासाचे एक सर आहेत. आयुष्य पेशव्यांच्या दप्तरात गेलं. स्टार्टअप सेलचं संयोजकपद गळ्यात पडलं. पहिले सहा महिने कपाळाला हात लावून हिंडले. आता? आता शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्याला ‘लीन मॉडेल’ म्हणतात आणि अटकेपार झेंड्याला ‘मार्केट एक्स्पान्शन’. स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं डोकं दुखतंय, की हे विचारतात, “पेन पॉइंट नेमका कुठे आहे?” घरी वहिनींना भाजी करपली तर ‘फेल फास्ट’ म्हणून सांत्वन करतात. वहिनींचं काय उत्तर असतं ते शेजारच्यांनी ऐकलंय.

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर लॉकडाउनमध्येच मैदान मारलं. डिंकाचे लाडू आधी आपल्याला फुकट यायचे. महामारी आली, त्यात हळद-सुंठ पडली, ‘इम्युनिटी’ हे नाव लागलं आणि दर आला डझनावर. आता त्या कॉलेजात ‘महिला उद्योजकता’ या सत्रात बोलायला जातात. पोरांना सांगतात, “ग्राहक ओळखा.” ओळखलंच की त्यांनी, आपण चाळीस वर्षं फुकट खाणारे!

आणि आईबाप? ज्यांनी पोराला जन्मभर ‘नोकरी बघ’ म्हणून कोकललं, तेच आता पाहुण्यांत छाती काढून सांगतात, “आमचा स्मार्ट इंडिया हॅकेथॉनला गेला होता. छत्तीस तास सलग!” छत्तीस तास. हेच चिरंजीव गणिताच्या पुस्तकापुढे छत्तीस मिनिटं बसत नव्हते. स्थळं सांगणाऱ्यांनीही कात टाकली. “मुलगा काय करतो?” “फाउंडर आहे.” “मिळकत?” “सध्या प्री-रेव्हेन्यू आहे.” ऐकणारे मान डोलावतात, मुलीचा बाप घरी जाऊन गुगल करतो, आणि तिथंच बोलणी थांबतात.

पण सगळ्यांत मोठा अन्याय सांगू का? आपण असं चेष्टेच्या रंगात येतो, आणि मध्येच कोणीतरी खरोखर काहीतरी करून दाखवतं आणि सगळ्या मजेवर पाणी ओततं. पुण्याच्या मायलॅबमध्ये विषाणुतज्ज्ञ मीनल दाखवे-भोसले यांच्या चमूनं सहा आठवड्यांत कोरोनाच्या चाचणीचं किट तयार केलं. १८ मार्च २०२० ला ते तपासणीसाठी दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. परदेशी किट साडेचार हजारांचं, हे बाराशे रुपयांत, निकाल अडीच तासांत. आता यावर काय टोमणा मारणार? कानपूर आयआयटीच्या अंगणात वाढलेल्या नोक्का रोबोटिक्सची पोरं पुण्यात सौरपट्ट्या पुसणारे यंत्रमानव करत होती. त्यांनी व्हेंटिलेटर करायला घेतला. आपण म्हणालो, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. आणि त्यांनी केला हो तो! आयआयटी मुंबईच्या ‘बेटिक’ केंद्रात तर नवाच उलटा कारभार. तिथल्या ‘मेधा’ नावाच्या हॅकेथॉनमध्ये डॉक्टर आपली अडचण घेऊन येतात, इंजिनिअर ती ऐकतात आणि मग काम सुरू होतं. आधी अडचण, मग यंत्र! असा अगोचरपणा कुणी ऐकलाय का? त्याच केंद्रातून डिजिटल स्टेथोस्कोप निघाला आणि कोविडच्या वॉर्डात डॉक्टरांनी रुग्णाची छाती दुरून ऐकली. अशा लोकांमुळे आपल्यासारख्या नावं ठेवणाऱ्यांचा धंदा बसतो, याचा कुणी विचार करत नाही.

बरं, तारखांनीही कट केलाय. १६ जानेवारी २०१६ ला ‘स्टार्टअप इंडिया’ सुरू झालं. १६ जानेवारी २०२१ ला देशात कोविडचं लसीकरण सुरू झालं. पुढे तोच दिवस राष्ट्रीय स्टार्टअप दिन ठरला. म्हणजे कॉलेजांना एकाच दिवशी, एकाच फ्लेक्सवर, एकाच समईत महामारी आणि उद्योजकता दोन्ही उरकायची सोय. प्राचार्य हात जोडून म्हणत असतील, देवा, तूच रे बाबा कौन्सिलचा अध्यक्ष.

आणि आता साळसूद चेहरे करू नका. आपल्यातल्या कोणी या मांडवाखालून गेलं नाही? कपाटातली ती निळी फाइल काढा बघू. ‘कोविडोत्तर संधी’, ‘डिझाइन थिंकिंगचा परिचय’, ‘आरोग्यातील ड्रोनचा वापर’. ड्रोनवाल्या दिवशी आपण भाच्याच्या साखरपुड्याला होतो, तरी सर्टिफिकीट आहेच. पगाराच्या ग्रेडसाठी म्हणा, पोराच्या सीव्हीसाठी म्हणा, नुसत्या हौसेपोटी म्हणा, घेतलंय सगळ्यांनी. आपल्याच सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाण्याच्या टाकीच्या मीटिंगला ‘स्टेकहोल्डर मीट’ असं नाव दिलं आणि फोटो काढताना लोकेशन ऑन ठेवायला लावलं. कोणी हरकत घेतली? आपण तर केस नीट केले.

येत्या शनिवारी पुन्हा आहे म्हणे, त्या नव्या इंजिनिअरिंग कॉलेजात. ‘पुढील महामारीसाठी सज्ज’ असा काहीसा विषय आहे. परीक्षक म्हणून यंदा त्या सिस्टरना बोलावलंय अशी कुजबुज आहे, म्हणजे चार-दोन डबे नक्की फुटणार, बघण्यासारखं होईल. जेवणात मठ्ठा-जिलबी. शंभर नोंदण्या झाल्या की लिंक बंद होते, तेव्हा इथे नावं ठेवत बसू नका, आधी फॉर्म भरा.